शेपर मशीन आणि बाबांची पुली

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं, धंदा कधी सुरू केलात, तर तारीख हाताशी पाहिजे. तारीख ही.

शेपर मशीन घेतलं. स्वतःचं.

शेपर म्हणजे लोखंडाचा रंधा. एक जाडजूड लोखंडी दांडा असतो, त्याला रॅम म्हणतात. तो पुढे जातो, मागे येतो. पुढे जाताना त्याच्या तोंडातलं टूल लोखंड सोलतं. मागे येताना नुसताच येतो. आमच्या कारखान्याच्या मशीनशॉपमध्ये हे मशीन माझ्या जन्माआधीपासून होतं. परवा भंगारात काढलं. लोकांना किंमत नाही. भंगारवाल्याला माझी सायकल आणि टीव्ही दिला, मशीन घेतलं. उद्यापासून कामावर पायी. पाऊण तास. तब्येतीला चांगलं.

कारखान्यात माझं काम ट्रॉली ढकलायचं. पण ट्रॉली मशीनशॉपमधून जाते. म्हणजे तीन वर्षं मी मशीनशॉपमध्येच आहे असं धरायला हरकत नाही.

सहाशे किलो. पाइपांवरून घरंगळत मागच्या खोलीत आणलं. घरमालकीण मावशी लेकीकडे गेली आहे. विचारायचं होतं, पण माणूसच घरात नाही तर विचारणार कोणाला. म्हणजे परवानगी मिळाल्यासारखीच.

भिंतीला अगदी चिकटून बसवलं. खोली मोठी दिसते.

३ फेब्रुवारी

ताईचा फोन. बाबांची पिठाची गिरणी बंद पडली. जुनी पुली तडकली. नवी आणली आहे, पण तिला आतून खाच नाही. पुलीला खाच, शाफ्टला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, खाच, आणि दोन्हीच्या मध्ये लोखंडाची चावी ठोकतात, तेव्हा कुठे शाफ्टबरोबर पुली फिरते. खाच नसेल तर शाफ्ट आपला एकटाच गरगरतो.

बाबा ती खाच पाडायला नाक्यावरच्या लेथवाल्याकडे निघाले होते. वेळेवर अडवलं. म्हटलं, माझं स्वतःचं मशीन असताना परक्याकडे? पाठवा. रविवारपर्यंत करून देतो.

ताईनं विचारलं, चालवता येतं का रे तुला? म्हटलं, तीन वर्षं रोज बघतोय. ती म्हणाली, मी जन्मापासून विमानं बघतेय.

बायकांना टेक्निकल कळत नाही.

फोन बाबांनी घेतला, आवाज बारीक. मग म्हणाले, गिरणी तोवर बंद राहील, बघ बुवा. अभिमानानं आवाज भरून आला असावा.

५ फेब्रुवारी

बाबांना विचारलं, चावी किती रुंद? म्हणाले, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. स्वतःचं नख मोजून लिहून ठेवलं. बाप-लेकाची ठेवण एकच.

गुण्याकाकांना दाखवलं. गुण्याकाका म्हणजे आमच्या कारखान्यातले म्हातारे फिटर. काटकोन तपासायचा गुण्या असतो तसे ताठ चालतात, म्हणून हे नाव. म्हणाले, गाढवा, तुझ्या बापाचा अंगठा चाळीस वर्षं पीठ चोळून पाहतोय आणि तुझा मोबाईल चोळतोय, दोन्ही एका मापाचे कसे असतील? शिवाय म्हणाले, त्या मशीननं दोघांची बोटं आणि एकाचं जमलेलं लग्न खाल्लंय.

जळतात. रिटायर व्हायला आले, स्वतःचं एक मशीन नाही.

८ फेब्रुवारी

पुली आली. चौदा किलो. बाबांनी खडूनं लिहिलंय, ही बाजू आत. खाली अजून लिहिलंय, जपून. मला म्हणतात की पुलीला, कळलं नाही.

मशीनची मोटर भंगारवाल्यानं आधीच काढून विकली होती. दुसरी मिळवली, पाण्याच्या पंपाची.

मावशी परत आली. सोबत लेक आणि तीन महिन्यांची नात. मावशीनं दारातून मशीन बघितलं. विचारलं, हे काय रे बाबा? म्हटलं, शेपर. ती म्हणाली, मेलेलं आहे की जिवंत? म्हटलं, उद्या सकाळी जिवंत होईल. तिनं कपाळाला हात लावला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ९.०० मोटर जोडली. पट्टा चढवला.

९.४० बटण दाबलं.

९.४० रॅम मागे गेला. मागे भिंत.

९.४१ बटण बंद.

भिंतीपलीकडे मावशीचं स्वयंपाकघर. फळीवरचे डबे एकामागून एक खाली आले. शेवटचा तेलाचा. मावशी दारात आली तेव्हा तिच्या डोक्यावर गिलावा होता. म्हणाली, तुझ्या खोलीत रेडा बांधलायस का? भिंतीला ढुशी देतोय!

दोष मशीनचा नाही. रॅमला मागे हातभर जागा लागते. भिंत चुकीच्या जागी आहे.

मशीन पुढे सरकवायचा प्रयत्न केला. भंगारवाल्याची माणसं तीन होती, मी एक. कंबर धरली. आडवा पडून लिहितोय.

बाबांना कळवलं, एका आठवड्याचा फरक पडेल. बाबा म्हणाले, आज तीन गोण्या दारातून परत गेल्या. पलीकडच्या गिरणीवाल्यानं त्यांना चहा पाजला म्हणे.

१३ फेब्रुवारी

निश्चय:
१. रोज पहाटे पाचला उठून मशीनवर एक तास.
२. चिडायचं नाही.
३. गुण्याकाकांना काही विचारायचं नाही.

१४ फेब्रुवारी

साडेसातला उठलो. गुण्याकाकांना विचारलं. चिडलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

मावशी आणि लेक बाळाला टोचून आणायला दवाखान्यात गेल्या. तेवढ्यात भिंतीला भोक पाडलं. छान चौकोनी. रॅमची शेपटी मागे जाते तेव्हा भोकातून पलीकडे निघते आणि परत आत येते. कोणालाही त्रास नाही. फळी मी स्वतः दोन वीत वर सरकवून दिली.

ट्रायल घेत होतो तेवढ्यात मावशी आली. डब्यांखालून लोखंडी मुंडकं बाहेर येतंय, बघतंय आणि आत जातंय, हे तिनं पाहिलं. किंचाळली नाही. खाली बसली. पाणी मागितलं. मग म्हणाली, महिनाअखेर खोली खाली कर.

मोठ्या कामाला विरोध होतोच.

१७ फेब्रुवारी

ताई म्हणाली, बाबा सकाळी उठून सवयीनं गिरणीत जाऊन बसतात. पट्टा पुसतात, जातं झाडतात आणि परत येतात. पुलीचं काय झालं? म्हटलं, काम शेवटच्या टप्प्यात आहे. ती म्हणाली, पहिला कधी झाला?

मुद्दाम बोलते.

१९ फेब्रुवारी

चमत्कार. संध्याकाळी मशीन नुसतंच चालवून बघत होतो. मावशीची नात दोन दिवस रडत होती. रडणं थांबलं. मशीन बंद केलं, सुरू झालं. मशीन सुरू, रडणं बंद. पाच वेळा तपासलं. सहाव्या वेळी मावशी आली आणि म्हणाली, हात लावशील बटणाला तर याद राख.

२० फेब्रुवारी

मावशीनं रॅमच्या शेपटीला दोरी बांधली आहे. दोरीचं दुसरं टोक पाळण्याला. रॅम मागे जातो, पाळणा पुढे. रॅम पुढे, पाळणा मागे. बाळ ढाराढूर.

खोली खाली करायचं रद्द. उलट पोरगी झोपेपर्यंत मशीन रोज चालू ठेवायचं अशी अट. मावशी आता रेडा म्हणत नाही. आमचा गडी म्हणते.

मशीनचं पहिलं यशस्वी काम. बोर्ड रंगवून घ्यावा का? नाव ठरवलं आहे, 'अचूक'.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुली लावण्याआधी सराव. भंगाराचा एक तुकडा पकडून टूल लावलं. टूल जिथे अडकवतात तिथे बिजागरीसारखी एक पाटी असते. ती ढिली होती, लडबड हलत होती. जुनं मशीन, कोणी लक्ष दिलं नाही. पाचर ठोकून घट्ट केली. असल्या बारीक गोष्टी पारखी माणसालाच दिसतात.

टूल तुटलं.

दुसरं लावलं. तुटलं. तिसरं तुटून खिडकीतून बाहेर गेलं.

आणखी एक शोध. माझं मशीन स्पेशल मॉडेल आहे. कारखान्यात होतं तेव्हा पुढे सावकाश जायचं आणि मागे झटकन यायचं. माझ्याकडे पुढे झटकन जातं आणि सावकाश मागे येतं. जागा बदलली की मशीनही खुलतं.

२४ फेब्रुवारी

गुण्याकाका स्वतःहून मशीन बघायला आले. दारातच थांबून पाच मिनिटं हसले. माणूस इतका हसतो हे माहीत नव्हतं.

म्हणाले, अरे शहाण्या, मोटर उलटी फिरतेय! कापायच्या वेळी पळतंय आणि मोकळं यायच्या वेळी रेंगाळतंय. कामचोर करून ठेवलंस त्याला. मग मोटर बंद केली, पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला आणि परत चढवला. मशीन सरळ.

ती ढिली पाटी पण ढिलीच पाहिजे म्हणे. टूल परत येताना तिच्यामुळे थोडं उचलतं, कामावर घासत नाही. पाचर काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही उशाशी ठेव.

म्हणजे ऐंशी टक्के बरोबर होतो. पट्टा आणि पाटी सोडून.

जाताना पुली उचलून बघितली. विचारलं, ही कोणाची? सांगितलं. त्यांचं हसू गेलं. म्हणाले, म्हणजे तिकडे म्हातारा गिरणी बंद करून तुझ्याकडे डोळे लावून बसलाय? आण इकडे, माझ्या हातानं तासाभरात करतो.

नको म्हटलं. बाबांनी काम मला दिलंय. उद्या सगळे म्हणतील, मशीन याचं आणि खाच दुसऱ्याची.

गुण्याकाकांनी पुली खाली ठेवली. मग म्हणाले, बरं. मग मी हात लावणार नाही. तोंडानं सांगेन. चुकलास तर शिव्या देईन. चालेल? म्हटलं, शिव्या आत्ताही देताच.

२६ फेब्रुवारी

अडचण. पुलीची खाच तीन इंच लांब. म्हणजे रॅमची चाल, त्याचं पुढेमागे जायचं अंतर, चार इंचांवर आणावी लागते. चाल चारवर आणली की पाळणा चार इंच हलतो. मावशीच्या नातीला बारा इंच लागतात. चार इंचांवर ती आधी बघत राहते आणि मग भोकाड पसरते.

मावशीनं भोकातून डोकावून विचारलं, गड्याला काय झालंय आज, जेवला नाही का?

चाल परत बारावर.

२८ फेब्रुवारी

बाबांचा फोन, स्वतःहून. म्हणाले, सावकाश कर. घाई करू नकोस. हात सांभाळ.

चार आठवडे गिरणी बंद आणि माणूस म्हणतो सावकाश कर! यालाच विश्वास म्हणतात. ताईनं शिकावं काहीतरी.

शिवाय चावीची रुंदी आता पक्की सांगितली. अर्धा इंच, बरोब्बर. विचारलं, नखावरून का? म्हणाले, नाही, असंच, मोजली कोणीतरी. माझ्या नखापेक्षा बरीच जास्त आहे. नखानं खाच पाडली असती तर चावी बसलीच नसती. म्हणजे उशीर झाला तो फायद्याचाच. माझ्या प्रत्येक कामात असा काहीतरी अर्थ असतो, नंतर कळतो.

४ मार्च

मावशीशी तह. बाळाचे तास सकाळी आणि कामावरून आल्यावर पहिला तास. पुढचा अर्धा तास माझा. त्या अर्ध्या तासात बाळाला मावशी फिरवणार. चाल बदलायला मला वीस मिनिटं लागतात. उरतात दहा.

दहा मिनिटांत माणूस मनात आणलं तर काय करू शकत नाही!

५ मार्च

काही करू शकत नाही.

९ मार्च, रविवार

मावशीनं अख्खा दिवस दिला. बाळाला घेऊन विहिणीकडे गेली. दोरी सोडली.

गुण्याकाका सकाळीच आले. खुर्ची मांडून हात पाठीमागे बांधून बसले. मी पुली मशीनच्या शिकंज्यात पकडली. म्हणाले, तिरकी आहे. सोडली, पकडली. अजून तिरकी आहे. अकरा वेळा. बाराव्या वेळी काही बोलले नाहीत. म्हटलं, जमलं? म्हणाले, नाही, कंटाळलो. तेराव्या वेळी जमलं.

मग म्हणाले, आता ती पाटी पाचर ठोकून घट्ट कर. आतली खाच पाडताना टूल उचललं तर पुलीच्या भोकात अडकेल.

दोन आठवड्यांपूर्वी मी हेच केलं होतं. तेव्हा शिव्या. बोललो नाही. लिहून ठेवतोय.

पहिला काप घेतला. कुरळा चुरा निघाला. निळसर. हातात धरला तर चटका बसला. तरी खिशात ठेवला.

चावी पाठवा म्हणून फोन केला, बसवून बघायला पाहिजे. बाबा म्हणाले, चावी सापडत नाही. तूच एक करून घे. गेला महिनाभर जपून ठेवलेली वस्तू हरवली! बाबांचं वय झालं. धंदा आता मलाच बघावा लागणार.

१० मार्च

काल घाईत एक काप खोल घेतला होता. आज बघितलं, खाचेची एक बाजू थोडी खाल्ली गेली आहे. गुण्याकाकांनी बोट फिरवलं. परत फिरवलं. वाटलं, गेली पुली. आता तिकडे काय तोंड दाखवणार? जेवलो नाही.

मग म्हणाले, अजून रुंदी पूर्ण व्हायची आहे, त्यात हे निघून जाईल. पण यापुढे एका वेळी कागदाच्या जाडीएवढंच घ्यायचं. कागद म्हणजे वहीचा, पुठ्ठ्याचा नाही.

तेव्हापासून या वहीचं पान चिमटीत धरून मोजतो. शेवटची चार पानं काळी झाली आहेत.

१६ मार्च, रविवार

बोललो नाही कोणाशी. नुसतं काम. कागद, कागद, कागद. मावशीनं भोकातून चहाचा कप दिला. रॅम मागे येण्याच्या आत घ्यायचा. सांडला नाही.

आज कसलाही निश्चय लिहायचा राहिला.

२२ मार्च

चावी केली. पोलादाचा तुकडा, अर्धा इंच. मशीनवर एक बाजू, मग कानस. गुण्याकाका म्हणाले, घास. घासली. घास. घासली. थांब. थांबलो. उद्या बसवायची.

२३ मार्च, रविवार

सकाळी १०.१५

चावी बसली. ठोकावी लागली नाही, पडलीही नाही. अंगठ्यानं दाबली तशी सरकत गेली आणि शेवटी टक् वाजलं.

गुण्याकाकांनी पाठीमागचे हात पहिल्यांदाच सोडले. पुली घेतली, उजेडाकडे धरली, डोळा लावला. म्हणाले, सरळ आहे. मग परत बघितली आणि म्हणाले, माझी पहिली खाच इतकी सरळ नव्हती. आणि चप्पल घालून निघून गेले. चहासाठीही थांबले नाहीत. मावशीला भोकातून दाखवली. ती म्हणाली, गुणाचा गं माझा गडी. मला म्हणाली की मशीनला, विचारलं नाही.

सकाळी १०.३०

घरी फोन लावला. बाबांनी उचलला. म्हटलं, बाबा, झाली! खाच झाली! बाबा ओरडले, काय? मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही, गिरणी चालू आहे!

मी फोन कानाला घट्ट दाबला. मागे गिरणी घरघरत होती. आमचीच. लहानपणापासून तिच्या आवाजात झोपलोय, ओळखू येते.

मग बाबा म्हणाले, शेजारच्याची आहे.

ताईनं फोन घेतला. म्हणाली, अरे, लेथवाल्याकडून दुसरी पुली आणवली. पंचवीस फेब्रुवारीलाच. गोण्या जायला लागल्या होत्या ना. बाबा म्हणाले, त्याला सांगू नका, मनापासून करतोय, करू दे. तुझा फोन आला की गिरणी थांबवायचो आम्ही. आज गिऱ्हाईक उभं होतं, राहून गेलं.

म्हटलं, ठीक आहे.

ती म्हणाली, रागावलास?

म्हटलं, नाही. खाच सरळ आली आहे. गुण्याकाका म्हणाले.

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. गिरणी थांबली. बाबा आले. विचारलं, अर्धा इंच? म्हटलं, पुरता. एका वेळी कागद-कागद घेतला. विचारलं, आणि चावी? म्हटलं, अंगठ्यानं जाते. बाबा हं म्हणाले. गिऱ्हाईक मागून हाका मारत होतं तरी थांबले होते. मग म्हणाले, पाठवून दे. छपराचा पत्रा वाऱ्यानं उडतोय, त्याच्यावर ठेवायला वजनदार काहीतरी हवंच होतं.

दुपारी २.००

पार्सल उद्या सकाळी. पॅकिंग नीट करायला हवं. आतून आधी तेलाचा हात, मग कापड, मग पुठ्ठा. पत्र्यावर ठेवताना खाच पावसाच्या बाजूला येऊ देऊ नका, म्हणून खडूनं लिहायचं आहे.